हिरवं बटण

"मी बरा आहे बाळा, तुझं चालू दे," असं ह्यांच्या आवाजात मशीन बोललं, तेव्हा हे खुर्चीत उजवीकडे कलंडले होते. मान छातीवर पडली होती. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते.

भर दुपार होती. मी त्यांना पाणी पाजायला म्हणून स्वयंपाकघरातून आले होते. खुर्चीच्या हातावर बसवलेल्या पाटीतून मुलगी बोलत होती, तिच्या कॉलेजातून. तिच्यासमोर बाहेरगावचे पाहुणे बसले होते, मोठे शिकलेले. झटक्याने वाचा गेलेला आपला बाप मशीनच्या मदतीने कसा बोलतो, ते ती त्यांना ऐकवत होती.

"अगं, फोन ठेव. ह्यांना काहीतरी झालंय," मी ओरडले.

मशीन म्हणालं, "ही उगाच घाबरते बाळा. तू लक्ष देऊ नकोस."

पलीकडे माणसं हसली. मुलगीही हसली. इंग्रजीत त्यांना काहीतरी म्हणाली, त्यावर पाहुणे अजून हसले. मी ह्यांचा खांदा हलवला. हात मेल्यासारखा खाली पडला. मग मी ती पाटी खुर्चीवरून उपटून काढली आणि पलंगावर फेकली. तिथूनही ती बोलली, "वेळेवर जेवत जा."

मी दार उघडून शेजाऱ्यांना हाका मारल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या जोडप्याने गाडी बोलावली आणि वॉचमनने ह्यांना खुर्चीसकट लिफ्टमध्ये घेतलं. मुलीला फोन शेजारणीनेच केला. शेजारणीचं तिला खरं वाटलं.

हे सगळं झालं खारघरला, मुलीच्या फ्लॅटमध्ये. आमचं स्वतःचं घर कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत. हे वाशीच्या बाजारात माथाडी होते. साताऱ्याकडून आले आणि आयुष्यभर पाठीवर कांद्याबटाट्याची पोती वाहिली. त्यांच्या टोळीत एक गोष्ट होती, ती कुणी बोलून दाखवत नसे. जो गडी पोतं जड आहे म्हणाला, त्याला तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडी लागली की त्याला कडेला ठेवायचे. म्हणून कुणी जड म्हणायचंच नाही. ह्यांची मान आखडायची, पोटाला अंतर्गळ झाला, गुडघे गेले. विचारलं की उत्तर एकच. बरं आहे.

मला तसं म्हणायचे नाहीत. घरात आले की पाय चेपून घ्यायचे, आईबहिणीवरून शिव्या घालायचे, आमटीला नावं ठेवायचे. बरं आहे हे बाहेरच्यांसाठी होतं आणि मुलीसाठी होतं. मुलीसाठी जरा जास्तच. ती शाळेत असताना तिने पहिल्यांदा आमटी केली. मीठ दोनदा पडलं होतं. ह्यांनी वाटी तोंडाला लावून संपवली आणि परत मागितली. मी एक घोट घेऊन मोरीत ओतली. मुलगी माझ्यावर रुसली. त्या घरात असं नेहमीच व्हायचं. खरं मी बोलायचे आणि लाडका बाप राहायचा.

मुलगी हुशार निघाली. शिकायला दूर गेली, तिथे वसतिगृहात राहायची. ह्यांना मोबाईलवर लिहिता येत नव्हतं, म्हणून बोलून पाठवायचे. काम सुटलं की बाजाराच्या गेटबाहेर चहाच्या टपरीशी उभे राहून बोलायचे. "मी बरा आहे, आई बरी आहे. तू जेवलीस का? वेळेवर जेवत जा. तुझं चालू दे." अंतर्गळाचं ऑपरेशन झालं तेव्हा खाटेवर पडून हेच बोलले. मी मागून ओरडत होते, "अहो, खरं सांगा तिला." त्यावर हसून म्हणाले, "ही उगाच घाबरते. तू लक्ष देऊ नकोस."

ते सगळं मुलीने जपून ठेवलं. मायेनेच ठेवलं असणार. मायेबद्दल मला शंका नाही.

ती मेंदूचं शिकून आली आणि खारघरच्या एका कॉलेजात लागली. माणसाचा मेंदू जसा चालतो, तसं चालणारं मशीन करायचं, हे तिचं काम. लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. मी चौथी शिकलेली. मी तिला विचारलं होतं, मेंदू चालतो म्हणजे काय करतो? तेव्हा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो आणि गॅस संपला होता.

ती म्हणाली, "सिलिंडर भरलाय असं समजून उचललास आणि तो रिकामा निघाला, तर काय होतं?"

"कंबर लचकते."

"कंबर राहू दे. हात एकदम वर उडतो की नाही? म्हणजे तुझ्या डोक्याने आधीच ठरवलं होतं, किती जड असणार. मेंदू वाट बघत बसत नाही, आई. पुढे काय येणार, त्याचा आधीच अंदाज बांधतो. अंदाज चुकला की शिकतो. चुकण्यातूनच शिकतो. आम्ही मशीनला तेच शिकवतो."

"मी तर दर वेळी फसते."

"तू शिकायचं नाही असं ठरवलंयस," ती म्हणाली आणि हसली. आमच्यात त्या वेळी एवढं बरं होतं.

मग ह्यांना पहिला झटका आला. डोक्याच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दुसऱ्याचं सगळं कळायचं, पण स्वतःचा शब्द फुटायचा नाही. एकच शब्द राहिला, "आयला." चहा हवा, आयला. संडासला जायचंय, आयला. शेजारी भेटायला आले, आयला. मला त्यातलं निम्मं कळायचं, निम्मं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं; शिवी, देवाचं नाव, गाणं हे डोक्यात वेगळ्या जागी पाठ होऊन बसलेलं असतं. विचार करून बोलायचा भाग मेला, तरी पाठ झालेलं राहतं. मुलगी ते ऐकून पुढे सरकून बसली. बापाच्या उशाशी बसून ती डॉक्टरला प्रश्नावर प्रश्न विचारत होती. मला ते आवडलं नाही. पण बापाची वाचा परत आणायची, हे तिने तिथेच मनात घेतलं, हेही मी बघितलं.

आम्ही तिच्याकडे राहायला आलो. तिने रात्रंदिवस खपून ती पाटी तयार केली. पाटी ह्यांचे डोळे बघायची, डाव्या मनगटाला पट्टा होता तो बोटांची हालचाल ओळखायचा, आणि त्यावरून ह्यांना काय म्हणायचंय ते मशीन ओळखायचं. आवाज त्या जुन्या निरोपांवरून घेतला. पहिल्यांदा ते "आगं" म्हणालं, तेव्हा माझ्या हातातली ताटली पडली. खोटं कशाला सांगू.

त्याला हाक मारायची तर ह्यांचं नाव घ्यायचं होतं. नाव घेतलं की ते जागं व्हायचं.

"मी नाही घेत," मी म्हटलं.

"आई, ते मशीन आहे."

"मग त्याचं नाव मशीन ठेव."

"लग्नात उखाण्यात घेतलंच होतंस ना?"

"तेव्हा तुझ्या आत्यांनी वाट अडवली होती. आता कोण अडवतंय?"

शेवटी तिने ते "अहो"वर जागं होईल असं केलं. मग मालिकेत कुणी बाई नवऱ्याला अहो म्हणाली, की पाटी उठून म्हणायची, "बोल." हे तेव्हा तोंडाच्या चांगल्या बाजूने हसायचे.

खुर्चीच्या डाव्या हातावर दोन बटणं होती. मशीनने बरोबर ओळखलं तर हिरवं दाबायचं, चुकलं तर लाल. लाल दाबलं की मशीन शिकणार. ती संध्याकाळी घरी आली की समोर स्टूल घेऊन बसायची. मशीन म्हणायचं, "मला बरं वाटतंय." हे हिरवं दाबायचे. "भूक नाही." हिरवं. "तू केलेलं छान चालतंय." हिरवं. मुलीचा चेहरा उजळायचा. तो उजळलेला चेहरा बघायला ह्यांनी काहीही दाबलं असतं.

दिवसा मी एकटी असायचे तेव्हा लालच लाल. पेज आणली, लाल. खिडकी लावली, लाल. मी फार बोलायला लागले की लाल. मला वाटायचं, पडून पडून चिडचिडे झालेत, माझ्यावर राग काढतात. आयुष्यभर काढला, आताही काढतात. मुलीलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "दिवसाचं मी शिकवण्यात धरत नाही. तुम्ही दोघं नुसते भांडता. मशीन गोंधळून जाईल."

आणि तिने एक सोय केली. ह्यांना उत्तर द्यायला वेळ लागायचा, विचारणारा तेवढा थांबत नसे. म्हणून ह्यांच्याकडून काही हालचाल झाली नाही, तर मशीनने थोडा वेळ थांबून आपल्या अंदाजाने बोलायचं. "बाबांना ताण नको," ती म्हणाली. चांगल्या मनानेच केलं.

व्यायाम घ्यायला डॉक्टरीणबाई यायच्या. त्या विचारायच्या, "आजोबा, डोकंबिकं दुखतं का?" मशीन म्हणायचं, "नाही हो, मस्त आहे." मागून हे म्हणायचे, "आयला." बाई हसायच्या. "आजोबा मजेशीर आहेत," म्हणायच्या आणि कागदावर खूण करून जायच्या. त्या दुपारी आला तो दुसरा झटका. त्याआधी काही दिवस ह्यांचं डोकं दुखत असणार, असं नंतर इस्पितळात सांगितलं. आयला त्या दिवसांत जास्त होतं खरं. पण आयला आम्ही मोजत नव्हतो. बोलायला चांगलं मशीन असताना आयलाकडे कोण बघतो.

त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. कॉलेजातल्या कार्यक्रमाची साडी नेसलेली होती.

"आई, मला वाटलं तुमचं नेहमीचं चाललंय."

"नेहमीचंच चाललं होतं."

"ते इतकं बाबांसारखं बोललं."

"बाबांसारखंच बोललं की. त्यांना बोलता आलं असतं, तर त्यांनीही तुला तेच सांगितलं असतं."

ती रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला नाही. मला तेव्हा तिचा राग होता आणि मी तो लपवला नाही. माणसासारखं मशीन करायचं म्हणून ही एवढी शिकली आणि नेमका हा माणूस घेतला, जो मरताना लेकीला जेवलीस का विचारेल.

हे त्यातून वाचले. डावा हात राहिला, पण मंद झाला. गिळायला त्रास होऊ लागला. आयलाही गेलं. घरी आणल्यावर मुलीने मशीनचं आपणहून बोलणं बंद केलं. आता ह्यांच्याकडून हालचाल झाल्याशिवाय काही नाही, म्हणाली. आणि एका रविवारी सकाळी ती परत स्टूल घेऊन बसली.

मशीन म्हणालं, "मला काही त्रास नाही."

"बाबा, हे खरं आहे?"

हिरवं.

"बाबा, माझ्याकडे बघा. खोटं असेल तर लाल दाबा. मला वाईट वाटणार नाही."

हिरवं.

मी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "कुणाला विचारतेस? ती खारट आमटी त्यांनी दोनदा खाल्ली."

"आई, तू दोन मिनिटं गप्प बस." मग त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही चूक दाखवली नाही, तर ते शिकणार कसं? आजवर माझ्यासमोर एकदाही तुम्ही त्याला चूक म्हटलं नाहीत. मी सगळं काढून बघितलं, बाबा. एकदाही नाही. त्याला वाटतं, त्याला सगळं येतं. मलाही तसंच वाटलं."

हे तिच्याकडे बघत राहिले. तिने मशीनकडून एक वाक्य म्हणवून घेतलं. मशीन ह्यांच्या आवाजात म्हणालं, "त्या दिवशी मला काही दुखलं नाही."

बराच वेळ ह्यांचं बोट हललं नाही. मी घडी घालायची थांबले. मग बोट सरकत सरकत लाल बटणावर गेलं आणि दाबलं.

मुलीला हवं होतं ते मिळालं, आणि ती कोसळली. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. लहानपणी शाळेतून मार खाऊन आली की रडायची तशी. हे तिच्या डोक्यावर हात ठेवायला बघत होते, हात तिथवर पोचत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला स्पष्ट दिसलं. आपण हिला रडवलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. हिरवं. त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी लाल कधीच दाबलं नाही.

मेंदू चुकण्यातून शिकतो, हे ती सांगत होती ते खरं आहे. हे एकदाच शिकले आणि पक्कं शिकले.

गिळण्याचं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, पातळ द्यायचं नाही, दाट भरवायचं, चमचा लहान घ्यायचा आणि प्रत्येक चमच्याला विचारायचं, नीट खाली गेला का. मुलगी सकाळी कॉलेजला जाण्याआधी भरवायची आणि संध्याकाळी आल्यावर. दुपारचं माझ्याकडे. माझ्या हातून चार-दोन चमचे झाले की लाल, आणि तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

"माझ्या हाताला काय विष लागलंय?" मी म्हणायचे.

मुलीच्या हातून अख्खी वाटी संपायची. चमचा, हिरवं. चमचा, हिरवं. "बघ, माझ्याकडून पूर्ण खातात," ती म्हणायची. मला राग यायचा. भरवताना मीही मग जरा रेटायला लागले. त्यांनी माझ्यावर डोळे वटारले की मी खुशाल सांगायचे, "लेक भरवते तेव्हा बरं जातं."

कुणाच्याच मनात आलं नाही. तिच्या नाही, माझ्याही नाही.

पावसाळा सरताना त्यांना ताप आला. छातीत घरघर सुरू झाली. इस्पितळात फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की बरेच दिवस अन्न फुफ्फुसात जातंय. अशा माणसांना खोकला येत नाही, म्हणून घरच्यांना समजत नाही. पण गिळताना अडतंय हे त्यांचं त्यांना कळत असणार.

"घासाघासाला विचारत होता ना?" डॉक्टर म्हणाले.

"विचारत होते," मुलगी म्हणाली. "दर घासाला विचारत होते."

"मग?"

डॉक्टरांना काय सांगायचं, की आमच्या घरात बाप लेकीला नाही म्हणत नाही? ते पुढच्या पेशंटकडे गेले.

त्या आजारातून हे उठले नाहीत. शेवटी शेवटी नाकात नळी होती, हाताला सुया होत्या, बटणं घरी राहिली होती. मुलगी उशाशी बसून विचारायची, "बाबा, दुखतंय?" हे डोळे मिटून उघडायचे. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते तिने मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

दहावं-तेरावं झाल्यावर तिच्या कॉलेजची माणसं भेटायला आली. भली माणसं. एक बाई म्हणाल्या, "निदान त्यांचा आवाज तरी तुमच्याकडे राहिला." मी चहा ठेवायला आत गेले. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "आवाज ठेवू की काढून टाकू?"

"तुझं तू ठरव. माझ्याशी बोलायला लावू नकोस, एवढं बघ."

तिने ठेवला की काढला, मी विचारलं नाही.

कधीतरी जेवताना ती आपणहून म्हणाली, "आई, बाबांचं 'बरं आहे' हेसुद्धा 'आयला'सारखंच होतं. पाठ झालेलं. विचार करून बोललेलं नव्हतंच. आणि मी मशीनला तेवढंच शिकवलं."

"आयलात निदान काहीतरी दुखतंय एवढं कळायचं," मी म्हटलं.

मला वाटलं ती रडेल, पण रडली नाही. आमटी वाढून घेतली. आमटी मी केली होती आणि ती म्हणाली, तिखट झालीय. मी म्हटलं, मग कमी खा.

तिचं काम चालूच आहे. खात्री नसेल तेव्हा मशीनने गप्प बसावं, किंवा मला माहीत नाही असं सांगावं, ह्याच्या मागे ती आता लागली आहे. मेंदूत शंका कुठे उठते ते शोधायचं आणि तसं मशीनमध्ये करायचं, असं काहीसं. जमेल का विचारलं तर म्हणते, बघू. पूर्वी ती बघू म्हणत नसे. तिच्या बापाला ते जन्मात जमलं नाही. मशीनला जमेल तेव्हा जमेल.

कोपरखैरण्याचं घर बंद आहे. परत तिकडे जाते म्हटलं की मुलगी जाऊ देत नाही, आणि मीही फार भांडत नाही. हे गेले. मागे आम्ही दोघी राहिलो, मी आणि मुलगी.